खाच

तो आत आला तेव्हा बाहेर उणे अठ्ठावीस होतं.
मिशांवरचा बर्फ वितळायला अर्धा कप चहा लागला.
मग कोटाच्या आतल्या खिशातून
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली एक पट्टी
पुन्त्साग म्हाताऱ्याने काढली, म्हणाला,
"बसते. पण चालत नाही."

थांबा, म्हटलं. आधी या लोखंडाला हात लावा.
उलानबातरच्या हिवाळ्यात हवा इतकी कोरडी
की दाराची कडीसुद्धा चावते.
बोटातली ती निळी ठिणगी
माणसाला नुसती दचकवते,
चिपला मात्र जागच्या जागी संपवते
आणि मागे डाग ठेवत नाही.
त्याने हात लावला,
जुन्या घोड्याच्या मानेला लावावा तसा.

पट्टी बत्तीस जीबीची.
नारानतूल बाजारात निम्म्याहून कमी पैशांत मिळालेली,
कुठल्याशा खाणकंपनीच्या सर्व्हरमधून उतरवलेली.
लेबलवर आकड्यांच्या शेपटाला एक आर.
एवढंच अक्षर, आणि सगळं त्यातच.

"खाच तर जुळते."
जुळते. तीच तर फसवणूक.
जुन्या पिढीची पट्टी निदान खाचेपाशी अडते,
उंबऱ्यावरूनच सांगते, हे घर माझं नव्हे.
ही सरळ आत शिरते, दोन्ही कड्या टक टक लागतात,
पंखे फिरतात, दिवे लागतात,
आणि बोर्ड तीनदा बीप करून गप्प.
हिला मध्यस्थाकरवी बोलायची सवय.
तुमचा बोर्ड तोंडावर बोलणारा.
दोघांत वाईट कुणीच नाही.
(हे सांगताना मला माझ्या सासूबाई आठवल्या नाहीत
असं मी म्हणणार नाही.)

बोर्डाच्या पुस्तिकेतली यादी उघडून दिली.
मुंग्यांएवढ्या अक्षरांत नाक खुपसून
तो एकेक नंबर वाचत बसला, वंशावळ वाचावी तसा.
"हे छत्तीसशे म्हणजे?"
वेग. पण नुसती बसवली तर एकवीसशे तेहतीसनेच रेंगाळेल.
सेटिंगमध्ये शिरून तिला सांगावं लागतं, धाव.
"ते घोड्यालाही सांगावं लागतं,"
आणि पहिल्यांदा हसला.

मग मीच विचारलं, परीक्षा घ्यावी तसं,
एक चपळ, एक मंद, अशा दोन लावल्या तर?
"उंटांची रांग
सगळ्यांत मागच्या उंटाच्या पायांनी चालते."
बारा वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच समजावतेय,
कागदावर आकृत्या काढून.

नातीसाठी हवा होता कॉम्प्युटर.
ती चित्रं हलवते, म्हणे.
एक कोल्हा टेकडीवरून खाली पळवायला तिला तीन दिवस लागतात,
आणि शेपटीपाशी मशीन गोठतं.

पैसे सोळाच्या एकाच पट्टीपुरते होते.
दुसरी वसंतात,
बकऱ्या विंचरून लोकर विकली की.
मी नको म्हटलं. हातचं गिऱ्हाईक, तरी नको.
वसंतात डब्यावर नाव हेच असेल,
आतली चिप भलतीच.
कंपन्या असलं कळवत नाहीत.
त्यापेक्षा आठ-आठची जोडी न्या आज,
लहान, पण एका पाकिटातल्या, एका पोटच्या.
दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत बसवायच्या,
शेजारी शेजारी नाही.
"शेजारी का नाही?"
मी सांगितलं. त्याला पटलं नाही. तरी बसवल्या.

एकच बीप. लहानसा.
रात्रभर चाचणी लावते, सकाळी या,
म्हटलं तर उठेना.
विणाऱ्या घोडीपाशी बसतात तसा
स्टुलावर बसून राहिला, पडद्यावर आकडे चढत होते.
मी शटर अर्धं ओढून मागे झोपले.
पहाटे त्यानेच उठवलं:
"शून्य लिहिलंय. शून्य चांगलं ना?"

सर्व्हरची पट्टी त्याने परत मोज्यात घातली.
विकत घेते म्हटलं, तर मान हलवली.
तिचंही कुठेतरी असेलच घर, म्हणाला.

निघताना हात पुढे केला, मी धरला,
आणि चट्कन ठिणगी उडाली.
लोखंडाला हात लावायचा
मीच विसरले होते.